अंगणातल्या हवेतलं शिसं

सोलापूर
१५ सप्टेंबर २०२४

चि. शिवानीस,
आत्याचे ढीगभर आशीर्वाद.

तुझं यंत्र काल पोचलं. ट्रॅव्हल्सवाल्याने खोकं उलटंच आणलं. 'ही बाजू वर' असं एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं, तरी! त्याला मी भररस्त्यात झापलं. तो उलट काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. बहिरं असण्याचा तेवढाच एक फायदा. डाव्या कानाने कायमची रजा घेतली आहे आणि उजवाही कामचुकारपणा करतो, तेव्हा फोनचा हट्ट सोड आणि पत्र लिही. आयुष्यभर शाळेत पत्रलेखन शिकवलं, आता ते माझ्याच कामी येतंय.

यंत्र अंगणात, शेडकडच्या भिंतीजवळ स्टुलावर ठेवलं आहे. सिद्धी त्याला 'हवा खाणारा उंदीर' म्हणते आणि त्याच्यासमोर बसून राहते.

तुझ्या प्रयोगशाळेला हवेतल्या धुळीच्या अभ्यासासाठी सोलापुरातलं एक घर हवं होतं आणि मी लगेच हात वर केला, तो काही विज्ञानाच्या प्रेमापोटी नाही. माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. माझी ही नात आता पाच वर्षांची झाली. तुझे आतोबा गेल्यापासून ती माझ्याजवळ झोपते. अक्षरं मी शिकवली, जेवण माझ्याच हातचं. ती शाळेत गेली की मी दारात बसून राहते, हे कुणाला सांगत नाही, तुला सांगते. हल्ली ती जरा पांढुरकी दिसते, पोट दुखतं म्हणते. सुनबाईचं, महादेवीचं म्हणणं, हे सगळं बसवेशच्या बॅटरीच्या शेडमुळे. परवा म्हणाली, "अत्ती, हितं पोरगी सुकत चाललीय की. मी तिला मैंदर्गीला माझ्या माहेरी नेते, तितंच शाळंत घालते."

शेड बंद केली तर खायचं काय, आणि पोरगी नेली तर माझं काय, दोन्हीकडून माझा लेक बसवेशच कात्रीत. मग मीच तोड काढली. म्हटलं, शिवानी हवा तपासते आहे. ती सांगेल ते तू मान, मी मानते. हवा चांगली निघाली तर सिद्धी इथेच राहील, वाईट निघाली तर मी स्वतः तिची बॅग भरीन. महादेवी कबूल झाली. तिची शाळा कानडीत झाली, मराठी बोलते झकास पण वाचताना अडखळते, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवणार आहे.

तेव्हा बाई, नीट तपास. नीट म्हणजे काय ते तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगायला नको.

तुझी
गौरा आत्या


पुणे
२० सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शिवानीचे शरणार्थ.

तुझं पत्र प्रयोगशाळेतच आलं आणि मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. हवा खाणारा उंदीर हे नाव आता इथंही रुजलंय.

कामाचं सांगते. यंत्र हवा ओढतं आणि मधल्या गोल कागदावर धूळ अडकते. कागदाला हात लावायचा नाही, सोबत दिलेल्या चिमट्यानेच धरायचा. धूळ आत राहील असा दुमडून पिशवीत घालायचा. दर आठवड्याला एक. पाकिटात एक कागद असाही आहे की तो यंत्रात घालायचाच नाही. तो तसाच कोरा तुझ्या घरात राहील आणि बाकीच्यांबरोबर परत येईल. तो स्वच्छ निघाला म्हणजे तुझे हात, पाकीट, टपाल यांनी काही बिघडवलं नाही हे कळतं.

तू विचारणारच, म्हणून पुढचंही सांगते. कागदावरची धूळ आम्लात उकळवून तिच्यातले धातू पाण्यात उतरवायचे. त्या पाण्यात एक बारीक काडी बुडवायची आणि वीज अशी सोडायची की सगळे धातू त्या काडीवर येऊन बसतील. ही झाली सोलापूर स्टँडवर भरलेली मैंदर्गीची एस.टी. मग वीज हळूहळू बदलत न्यायची. प्रत्येक धातूचा उतरायचा थांबा ठरलेला असतो. आधी जस्त उतरतं, मग कॅडमियम, मग शिसं, मग तांबं. ज्या थांब्यावर जास्त उतरले तिथं पडद्यावर उंच टेकाड दिसतं. टेकाडाच्या जागेवरून धातू कोणता ते कळतं आणि उंचीवरून किती ते कळतं. तोळाभराचा कितीतरी लाखावा भागसुद्धा यातून सुटत नाही.

आता एक विचारते. बसवेशदादा शेडमध्ये नेमकं काय करतो? बॅटऱ्या चार्ज करणं, दुरुस्त करणं एवढंच, की जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवतोही? मी त्याला फोनवर विचारलं तर 'तुला काय करायचंय' म्हणून त्याने फोन ठेवला. मी कॉलेजला तुझ्याकडे राहत होते तेव्हा आतोबा वितळवत नसत, एवढं आठवतं.

आणि आत्या, मी नीट तपासणार आहे. नीट म्हणजे जे निघेल ते.

तुझी
शिवानी


सोलापूर
१६ ऑक्टोबर २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

यंत्रातले चारही कागद आणि पाचवा कोरा सोबत पाठवते आहे. चिमट्याने धरलेत, हात लावलेला नाही. पांढरेशुभ्र होते ते काळपट झालेत, पण सोलापुरात पांढरं काय टिकतं? माझी लुगडीही दोरीवरच मळतात.

शेडचं विचारलंस. बॅटरीत पाणी घालणं, चार्जिंगला लावणं, टोकं घासणं, हीच कामं. अधूनमधून धूर दिसतो तो चहाच्या चुलीचा. मी तिकडे फारशी फिरकत नाही, आणि आवाज तर मला येतच नाहीत, तेव्हा माझी साक्ष तू किती धरायची ते तूच ठरव.

सिद्धीचं ऐक. दसऱ्याला आपल्याकडे पाहुणे जमले होते. मी तिला पुढे केलं आणि म्हटलं, म्हण बघू अज्जीने शिकवलेलं वचन. तिसऱ्या ओळीला थांबली. मी ओठ हलवून दाखवले तरी आठवेना. गेल्या वर्षी हेच वचन एका दमात म्हणत होती. पाहुण्यांसमोर मी हसून नेलं. हा सगळा त्या मोबाइलचा प्रताप. पोट दुखतं त्यावर जंताचं औषध दिलं, दृष्टही काढली. जेवायला बसली की दोन घास खाते आणि ताटाकडे बघत राहते. मी भरवते, म्हणून तेवढं तरी जातं पोटात. मैंदर्गीत तिला कोण भरवणार आहे?

महादेवी रोज विचारते, "ताईंचं पत्र आलं का?" मी म्हणते, येईल की, तिथे हवा मोजतात, पोस्टमनला नाही मोजत.

तुझी
गौरा आत्या


पुणे
२५ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास शरणार्थ.

हे पत्र दिवाळीच्या तोंडावर लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

तुझ्या कागदांत शिसं आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिल्यांदा शिशाच्या थांब्यावरचं टेकाड पडद्यात मावलंच नाही. पाणी पातळ करून पुन्हा मोजलं, मग पुन्हा मोजलं. आमच्या अभ्यासातल्या बाकी कुठल्याही घराच्या कागदावर याच्या जवळपासही काही नाही. चारही आठवडे तेच.

हवेत खरंच इतकं शिसं असेल, तर सिद्धीचं पोटदुखीचं, पांढरं पडण्याचं आणि विसरण्याचंही कारण तेच असू शकतं. लहान मुलांच्या अंगात ते लवकर शिरतं. तिच्या रक्तातलं शिसं ताबडतोब तपासून घे. साध्या रक्ततपासणीत ते दिसत नाही, मोठ्या दवाखान्यात सांगून करावी लागते. आणि निकाल येईपर्यंत तिला मैंदर्गीला पाठव.

एक शक्यता मात्र मला सोडून देता येत नाही, म्हणून विचारते. कोरा कागद स्वच्छ निघाला, म्हणजे तुझे हात आणि टपाल यांचा दोष नाही. राहिली हवा, नाहीतर यंत्र. यंत्राच्या तोंडाला काही लागलं होतं का? जुना तैलरंग, भिंतीचा पोपडा, शेंदूर? शेंदरात शिसं असू शकतं. तसं काही असेल तर हे आकडे मला रद्द करावे लागतील. नसेल तर ते खरे आहेत.

नीट आठवून लिही, आत्या. तुझ्या उत्तरावर सगळं आहे.

शिवानी


सोलापूर
३० ऑक्टोबर २०२४

चि. शिवानीस दिवाळीचे आशीर्वाद.

अगं, केवढी घाबरवलीस! तुझं पत्र वाचून मला पाणी प्यावं लागलं. मग तुझा तो यंत्राच्या तोंडाचा प्रश्न वाचला आणि जीव भांड्यात पडला.

इतकी शिकलीस आणि माहेरचं वळण विसरलीस? आपल्या घरात नवं यंत्र आलं की पूजा केल्याशिवाय त्याचं बटण दाबतात का? तुझ्या वडिलांनी स्कूटर घेतली तेव्हा तिच्या दिव्यावरसुद्धा स्वस्तिक काढलं होतं. तुझ्या उंदराच्या तोंडाला, जिथून तो हवा आत घेतो तिथेच, मी माझ्या हाताने शेंदूर लावला आहे. मारुतीच्या पारावरचा, चांगला तेलात कालवलेला. यंत्र परत पाठवते आहे, तुझ्या डोळ्यांनीच बघ. आता यात शिसं निघालं तर दोष हवेचा की तुझ्या आत्याचा, ते तूच लिही.

महादेवीने लगेच बॅग भरून दारात ठेवली. तुझं पत्र अर्धं वाचून होईपर्यंत ती रडायलाच लागली. मी म्हटलं, थांब, शिवानीचं उत्तर येऊ दे, मग जा. सिद्धीने बॅगेतली स्वतःची बाहुली काढून घेतली आणि माझ्यामागे लपली. मैंदर्गीला जायचं नाही म्हणाली. हे मी तिला शिकवलेलं नाही.

लवकर उत्तर दे. बॅग अजून दारातच आहे.

तुझी
गौरा आत्या


पुणे
८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास शरणार्थ.

यंत्र मिळालं. उघडलं तर तोंडाशी खरंच शेंदूर, बोटाच्या ठशासकट! मला हसावं की तुला रागवावं तेच कळेना. आमच्या सरांना दाखवलं, त्यांनी कपाळावर हात मारला. तुला स्वच्छतेच्या इतक्या सूचना लिहिल्या आणि 'पूजा करू नये' एवढंच लिहायचं राहिलं.

तेव्हा हे चारही आकडे रद्द. आमच्या तक्त्यात सोलापूरच्या ओळीवर तूर्त काट मारली आहे. यंत्र उघडून, धुऊन जानेवारीत पुन्हा पाठवते. तेव्हा कृपा कर आणि त्याला नुसता नमस्कार कर.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. तुझ्या घराविरुद्ध मला काही लिहावं लागलं नाही. माझं कॉलेज त्याच घरात झालं.

मात्र सिद्धीचं रक्त तपासून घेच. शेंदूर असो नसो. हे वहिनींना नक्की सांग.

तुझी
शिवानी


मैंदर्गी
५ जानेवारी २०२५

शिवानी ताईस शरणार्थ.

मी महादेवी, तुमच्या बसवेशदादाची बायको. सांगतीय मी आनि लिवतोय माझा भाऊ संगप्पा. तुमचा नंबर माझ्याकडं न्हाय. तुमच्या पाकिटावरचा पत्त्या फाडून घेतला व्हता, त्यावर धाडतीय.

आमची सिद्धी लई आजारी झाली. डिसेंबरात एका सकाळी दूध पिताना तिचं डोळं वर गेलं आनि हातपाय आकडलं. दवाखान्यात नेस्तवर दोनदा झटकं आलं. तितं डॉक्टरीनबाईनं तिच्या हिरड्यांवरची काळी रेघ बघितली आनि पयला प्रश्न हाच इचारला, घरात बॅटरीचं काम चालतं का? रगतात शिसं निगालं, ताई. लई निगालं. ते भाईर काढायची औषदं दिली, सुया दिल्या. जीव वाचला, देवाची किरपा. पर आता ती डावा पाय ओढते. बोलताना मदीच थांबते. मामाचं नाव इचारलं तर माझ्या तोंडाकडं बघते.

डॉक्टरीनबाई म्हनल्या, हवा तपासली का कुनी? मी म्हनलं व्हय, माझ्या नणंदंनंच तपासली पुण्याला, चांगली निगाली. त्यांनी नुसती मान हलीवली.

ताई, मी बॅग भरली व्हती. अत्तीनं तुमचं पत्र वाचून दाखिवलं, शेंदरानं बिगडलं, आकडं रद्द, म्हून. मी बॅग परत खोलली. कापडं कपाटात ठिवली. तुमी शिकल्याल्या मानसं, तुमच्यावर इश्वास ठिवला. एक शब्द लिवला असता की, पोरीचं रगत तपासा म्हून, तर मी चालत गेली असती. दोन म्हैनं आदी आनली असती तर लई फरक पडला असता, असं म्हनल्या बाई.

मी तुमाला बोल लावत न्हाय. पर मनात ऱ्हायलं म्हून लिवलं. आता आमी मैंदर्गीलाच हाय. परत सोलापूरला जानार न्हाय.

महादेवी


पुणे
१४ जानेवारी २०२५

आत्या,

महादेवी वहिनींचं पत्र आलं. सिद्धीबद्दल कळलं. तू मला एका ओळीनेही कळवलं नाहीस.

त्या लिहितात, रक्त तपासा असं मी लिहायला हवं होतं. मी ते दोन्ही पत्रांत लिहिलं होतं, आत्या. त्यांना पत्रं तू वाचून दाखवत होतीस. ते वाचल्यापासून मी सुन्न आहे. पण एवढ्यावरून तुझ्याबद्दल काही ठरवायला मन तयार होईना, म्हणून मी मोजायला गेले. मला दुसरं काही येत नाही.

तुझ्या कागदांचं उरलेलं पाणी फ्रिजमध्ये बाटलीत होतं. या वेळी मी त्यात शिसं बघितलंच नाही. अँटिमनी बघितलं. बॅटरीच्या आतल्या जाळ्या कडक व्हाव्यात म्हणून शिशात हा धातू थोडा मिसळतात. शेंदरात तो घालायचं कुणाला काही कारण नाही. मारुतीच्या पारावरच्या त्या शेंदराचा यंत्राला लागलेला नमुनाही मी खरवडून ठेवला होता, तोही मोजला. त्यात अँटिमनी नाही. तुझ्या चारही कागदांत आहे. आम्ल वाढवलं की ते तांब्याशेजारी वेगळं उतरताना स्पष्ट दिसतं. तुझ्या अंगणातली धूळ शेंदराची नव्हती. ती वितळवलेल्या बॅटऱ्यांच्या धुराची होती.

हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते मी नोव्हेंबरात का केलं नाही, असं सरांनी विचारलं. मी काय सांगू? तू म्हणालीस आणि मी मानलं, कारण तू म्हणालीस. दुसऱ्या कुठल्याही घरातून असं पत्र आलं असतं तर मी चारदा तपासलं असतं. शेंदूर हा शब्दसुद्धा मीच तुला पुरवला. रोज सकाळी उठल्यावर हेच पहिलं आठवतं.

एकच विचारायचं आहे. शेंदूर खरंच लावला होतास का?

शिवानी


पुणे
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या, महिना होऊन गेला. उत्तर दे. रागाने विचारलं नव्हतं. आता रागही येत नाही.

शिवानी


सोलापूर
२३ मार्च २०२५

चि. शिवानीस,

अनेकदा लिहायला बसले आणि उठले. आज लिहून संपवते.

शेंदूर खरंच लावला होता. पण केव्हा, ते तू विचारलं नाहीस. दिवाळीआधीचं तुझं पत्र दुपारी आलं. महादेवी समोर उभी होती. मी तिला शिशाचं वाचून दाखवलं, कारण तिथवर मलाही पुढे काय आहे ते ठाऊक नव्हतं. रक्ताच्या ओळीवर आले तेव्हा ती रडत होती आणि सिद्धी माझ्या पदराला धरून होती. ती ओळ मी गिळली. मैंदर्गीचीही गिळली, आणि तुझ्या पुढच्या पत्रातली रक्ताचीही. शेंदूर हा शब्द आला तिथे थांबले. मग चपला घालून मारुतीच्या पारावर गेले, पुजाऱ्याकडून शेंदूर मागून आणला, अंगणात जाऊन यंत्राच्या तोंडाला बोटाने लावला, हात धुतले आणि तुला पत्र लिहायला बसले. खोटं लिहायची मला सवय नाही. पोरांना खोट्यासाठी छड्या मारलेली बाई मी. म्हणून आधी ते खरं करून घेतलं.

त्या चुलीवर चहा कधीच झाला नाही. त्यावर लोखंडी कढई असे. दुरुस्तीत काही सुटत नाही म्हणून बसवेश दोन वर्षांपासून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता. मला माहीत होतं. धूर वाईट हेही माहीत होतं. इतका वाईट असेल हे मात्र तुझं पत्र येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ते आल्यावर मी ते ठाऊक करून घेतलं नाही. पोरगी सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर सुकत होती, तरी मला वाटायचं, माझ्याजवळ आहे ना, मग बरी होईल. मी भरवते आहे ना. शिवानी, मी ज्या हाताने भरवत होते, त्याच हाताने बसवेशचे कपडे झटकत होते.

सगळी पत्रं मी महादेवीला पाठवून दिली. संगप्पाने तिला वाचून दाखवली. ती मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. तुझ्यावरचा तिचा राग गेला आहे, तेवढं तरी तुला कळावं. आणि तुझ्या तक्त्यातली सोलापूरची ओळ परत घाल. तिच्यावरची काट माझी होती. लाजेखातर माझं घर वगळू नकोस.

शेड मोडली. बसवेश नवी पेठेत एका दुकानात कामाला लागला आहे. घरी येतो, जेवतो, झोपतो. अंगणातली वरची माती काढून नेली, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, तरी डॉक्टर म्हणतात की अशी धूळ वर्षानुवर्षं फटींत राहते आणि कपड्यांतून लांबवर जाते. म्हणून मैंदर्गीला गेल्यावर आधी आंघोळ करायची, तिथलं पातळ नेसायचं आणि मगच पोरीला जवळ घ्यायचं, असा दंडक घालून दिला आहे. महादेवीने मला यायला नाही म्हटलं नाही. ती माझ्यापेक्षा मोठी निघाली.

पहिल्यांदा गेले तेव्हा सिद्धी ओट्यावर बसली होती. मी फाटक उघडलं. तिने मला बघितलं आणि ओट्यावरून उतरून धावत सुटली, तो पाय ओढत. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून 'अज्जी' म्हणालेलं कळलं. मी अजून घरून निघाले त्याच लुगड्यात होते. मी दोन्ही हात पुढे करून ओरडले, "थांब! जवळ येऊ नको! अज्जीला शिवायचं न्हाय!" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. फार मोठा निघाला असणार, कारण शेजारची बाई बाहेर आली. सिद्धी जागच्या जागी उभी राहिली.

मी घाईघाईने आंघोळ केली, महादेवीचं पातळ नेसले, ओल्या केसांनी बाहेर आले आणि तिच्यासमोर बसले. ती आली नाही. पुढच्या वेळी आधी आंघोळ करूनच तिच्यासमोर गेले, तरी ती दारामागे सरकली. महादेवीने तिला पुढे ढकललं, "जा की, अज्जी हाय." तिने मान हलवली. गेल्या रविवारी परत जाऊन आले. तेच.

तिला आता कुठलीही गोष्ट दहादा सांगावी लागते. वार सांगितला की विसरते, अंक विसरते, मामाचं नाव रोज नव्याने सांगावं लागतं. किती परत येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्याजवळ यायचं नाही, हे मी तिला एकदाच सांगितलं. ते मात्र तिच्या पक्कं लक्षात राहिलं आहे.

तुझी
आत्या